प्रतिसादक क्रमांक सदतीस

आचऱ्याच्या खाडीला ओहोटी लागली
तेव्हा माझी प्रश्नावली सुरू झाली
आणि तिची कालवं.
खडकावर कोयतीचा टोकटोक,
मध्येच एखादं उत्तर.
वय? ‘भरतीक इचार.’
व्यवसाय? ‘काय नाय. घराकच आसतंय.’
म्हणत तिनं आणखी एक शिंपला फोडला,
मांस तांब्यात टाकलं.

गाईड म्हणाले होते, नावं बदला,
कुणी ओळखता कामा नये.
गुडघाभर चिखलात उभा राहून
मी तिला गोपनीयता समजावली.
माझ्या चपला केव्हाच आत गेल्या होत्या.

ती थांबली. बोटाचं रक्त पदराला पुसलं.
‘मगे म्हायारचा घाल.
लग्नात तांदळात दुसरा लिवल्यानी,
तेच्यामगे त्या नावान
कोणी हाक मारूक नाय.
हय कोण वळखतला?’

घातलं.

सहा वर्षांनी तोंडी परीक्षेत
पुण्याहून आलेल्या बाईंनी
चष्मा कपाळावर सारून विचारलं,
सगळी नावं काल्पनिक ना?
हो म्हणालो,
आणि पाणी प्यायलो.

बांधणी झाली, सोनेरी अक्षरं उमटली.
एक प्रत तिला द्यायची आहे,
ओहोटीची वेळ बघून.
काठावरून हाक कुठल्या नावानं मारायची
तेवढं ठरत नाही.