तीनशे चाळीस खुर्च्या

शाळेचा शिपाई मी, नेब्रास्कातल्या ब्रेझीना गावात,
एकतीस वर्षं.
बोर्डाची बैठक असली की जिममध्ये
घडीच्या खुर्च्या मांडायच्या, मग उचलायच्या.

पूर्वी वीस पुरायच्या.
विषय असायचे बॉयलर, तीन नंबरच्या बसचे टायर,
दुधाचं कंत्राट.
त्यातल्या एकीवर आर्लीन कुचेरा विणत बसायची,
घरचा हीटर तेवढाच दोन तास बंद.

गेल्या मंगळवारी तीनशे चाळीस मांडल्या.
दोन्ही चर्चमधून आणल्या,
अंत्यविधीवाल्या श्मिटकडून पन्नास, गादीच्या,
तरी माणसं बास्केटबॉलच्या जाळीखाली उभीच.

विषय एक पुस्तक.
पानं एकशे बारा.
सहा वर्षांत तीन वेळा घरी गेलेलं,
तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा ओलं होतं,
मीच वाळवलं बॉयलरवर, न वाचता.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
सगळ्यांनी सत्तेचाळिसावं पान वाचून दाखवलं,
विरोधातल्यांनी थरथरत, बाजूच्यांनीही थरथरतच.
बाकीची पानं कुणी उघडली नाहीत.

'यात कुठेतरी पाणी मुरतंय,'
माइकवर डेल व्होंद्रा ओरडला,
आणि खरंच मुरत होतं, त्याच्या डोक्यावर,
छपरातून, नेहमीच्या जागी.
मी बादली आणून ठेवली मैदानाच्या मधोमध.
टप्.
लोक माझ्याकडे असे बघायला लागले
जणू मी कुणाची तरी बाजू घेतली.

हा डेल बावीस वर्षं
मॅक्सीन टॉफ्टच्या दारातला बर्फ काढायचा.
पैसे घेत नसे. ती पाय करून पाठवायची, जर्दाळूचा.
या हिवाळ्यात तिच्या अंगणात पाटी लागली,
त्याच्याही लागली, दुसऱ्या रंगाची,
आणि आता तिच्या फाटकाशी आला की तो
नांगराचं पातं वर उचलतो,
फाटक सरलं की पुन्हा खाली टेकवतो.
मी पाहिलंय. तेवढ्यापुरता
त्याच्या ट्रकचा आवाज बदलतो.

राजधानीतून एक उमेदवार आला होता.
गावाचं नाव कसं उच्चारायचं, मला विचारलं.
मी सांगितलं. त्याने तरी चुकीचंच म्हटलं,
अर्ध्या जिमने टाळ्या वाजवल्या,
उरलेल्या अर्ध्याने शिव्या दिल्या,
आणि दोन्हींनी त्याचा चेहरा सारखाच उजळला.
पहिल्या रांगेतली खुर्ची मी त्याला दिली होती.
त्याला हवी होती ती माझ्याकडे नव्हती.

मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा?
माझा भाऊ जेरोम दुसऱ्या बाजूच्या रांगेत होता.
त्याची खुर्ची मांडताना मला ठाऊक होतं
तिचा मागचा पाय वाकडा आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी विषय सातवा: छप्पर.
पुढच्या बैठकीत. चौथ्यांदा.
तोवर जिममध्ये आर्लीन होती आणि मी.

श्मिटच्या पन्नास आधी घडी केल्या,
त्याला सकाळी लागणार होत्या.
तेवढ्यात बॉयलरच्या खोलीतून कोल्बी वर आला.
आठवीतला. डबा तिथेच खातो, माझ्याजवळ,
का ते मी कधी विचारलं नाही.
आई पार्किंगमध्ये अजून कुणाशी तरी भांडतेय, म्हणाला,
आणि खुर्च्या उचलू लागला, दोन्ही हातांत दोन-दोन.

शंभरेक झाल्यावर मी विचारलं,
ते ओलं पुस्तक तूच आणलं होतंस ना?
त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मग, सत्तेचाळीसच्या पुढे काय होतं?

'काही नाही,' म्हणाला.
'ते दोघं मासे धरायला जातात.
दिवसभर बसतात.
एकही गळाला लागत नाही.'

बादली अर्धी भरली होती.
तो एका बाजूने धरायला आला.