शटर अर्धं खाली

कृषी केंद्रात उंदराचं औषध विकतो मी,
अन् मागच्या खोलीत, कपाशी-बियाण्याच्या खोक्यात,
पाच उंदरं पोसतो.
काटेरी पाठीची, परदेशी.
कुण्या होस्टेलच्या पोट्ट्यानं सोडलेली, एसटीत, सीटखाली.
कंडक्टर रूपराव म्हणे,
‘तूच ठेव बाप्पा, तुले त्यांची जात माहीत.’

शटर अर्धं ओढल्याशिवाय
नाकही काढत नाहीत बाहेर.
ज्वारी चालते त्यांना. माझा खोकला नाही.

चार गेली चांगल्या घरी.
पाचव्यासाठी दिग्रसहून तायवाड्यांची प्रांजल आली,
तासभर खोक्यात हात ठेवून
गप्प बसली.
‘नाही आलं,’ म्हणाली. ‘उद्या पुन्हा येतो.’

तेवढ्यात गिऱ्हाईक.
औषधाची पुडी मागितली त्यानं.
मी भाव सांगितला,
हळूच,
त्याच्या कानाशी जाऊन.