दोन वह्या

पारोळ्याला, स्टँडमागच्या बोळात,
हिलाल मिस्त्रीच्या दुकानात मी आडवी चादर बांधली.
मे महिना. पंखा गरम हवा नुसती ढवळत होता.
चादरीमागे दोन खोकी :
एक दिल्लीचं, कडेनं निळे दिवे लुकलुकणारं,
दुसरं मिस्त्रीनं जुन्या कपाटाच्या फळ्यांत
पुठ्ठा, डिंक लावून वर्षभर जमवलेलं.
मी पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष.
माझ्याकडे मीटर, चिठ्ठ्या
आणि दोनशे पानी वही.

टेप एकच. झुलाल बोरसेंची वही.
आमच्याकडे वही लिहीत नाहीत फक्त,
गातातही, डफ घेऊन, उजाडेपर्यंत.

सतरा माणसं आली. ब्यांडवाले, जिनिंगचे हमाल,
एक तलाठी, चहावाला पोऱ्या.
पहिल्या फेरीत पंधरा चिठ्ठ्या दिल्लीला.
मिस्त्री आतून खाकरला, "काटा देख."
दिल्लीचा आवाज केसभर मोठा होता.
मी काटे जुळवले. नऊ-आठ.
मग मिस्त्रीनं गुपचूप आपलं खोकं केसभर चढवलं
आणि तीच माणसं, तेच कान,
बारा जण म्हणाले, हे गोड.
तलाठी तर म्हणाला, यात डफाचं कातडं दिसतं.

गोड म्हणजे काय, मिस्त्री?
"गोड म्हंजे मोठं. नहीतं सवयनं.
नहीतं पोट भरेल."

झुलाल आबा स्वतः आले होते.
त्यांनी दिल्लीचं निवडलं.
"हाऊ मी," म्हणाले, छाती काढून.
जन्मभर त्यांनी स्वतःला हाडांतून ऐकलेलं,
बाहेरून ते स्वतःला कधी भेटलेच नव्हते.

ठगूबाई उंबऱ्यावर, पिशवीत आबांच्या गोळ्या.
तिला कुणी चिठ्ठी दिली नव्हती.
मिस्त्रीचं खोकं लागलं, तिसरं कडवं आलं,
आणि ती मान न वळवता म्हणाली,
"हाऊच शे. आठे यास्ना दम तुटस."
मी पेन उचललं. आवडला ना, आजी?
"आवडना असं कोनी म्हनं?
चाळीस वरीस रातभर आयकेल शे."
लोक हसले. आबाही हसले, जरा उशिरा.

मी तिचं मत मोजलं नाही.
चिठ्ठी नव्हती. रकानाही एकच आखलेला : आवड.

दिल्लीचं खोकं ब्यांडवाल्यांनी नेलं.
त्यांना वरातीत वाजवायचं होतं, त्यांचं बरोबरच होतं.
माझी बेरीज जुळली, सरांनी सही केली.

पण दिवाळीनंतर एकदा आबांच्या अंगणात बसलो,
मीटर न घेता, डफापासून दोन हातांवर.
तिसऱ्या कडव्याला मी माझाच श्वास धरला.
तुटला. तिथेच. फळीच्या खोक्यात तुटला होता तसाच.
आत ठगूबाईनं
गोधडी कानावर ओढून घेतली.