पुडीतलं ऊन

महिन्यातून एकदा घसा बसतो.
आधी कान खाजतो आतून,
मग थुंकी गिळताना खडा लागतो,
मग आवाजच जातो
आणि मागावर खुणांनी बोलावं लागतं:
दोन बोटं म्हणजे धोटा अडकला,
मूठ म्हणजे मालक आला.

रात्रभर त्या खडखडाटात ओरडायचं,
सकाळी सातला घरी,
खिडकीला आपल्याच कारखान्यातली डागी चादर ठोकून
संध्याकाळपर्यंत झोपायचं.
बाहेर चव्वेचाळीस.

दर खेपेला त्याच लाल-पिवळ्या कॅप्सूल, पाच दिवसांच्या.
तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं,
उरलेल्या फडताळात.
रेणुकानं एकदा मोजल्या. सव्वीस.
हळद-मीठ झालं, लवंग झाली,
गुंडेटी मावशी म्हणाली, शेंगाचटणी सोड.
वर्षभर सोडली. सोलापुरात राहून, वर्षभर!

शेवटी हलकुडे बाईंनी घशात बॅटरी मारली
आणि रक्त काढायला धाडलं.
रिपोर्टात आठ.
"ड जीवनसत्त्व. ऊन कमी पडतंय तुम्हाला."

बाकावरचा म्हातारा हसला,
कंपाउंडर हसला,
मीही हसलो असतो, पण आवाज नव्हता.
सोलापुरात ऊन कमी पडलं
म्हणजे होटगी रोडवर धूळ कमी पडली.

बिलाच्या पाठीवर लिहून विचारलं:
ह्यानंच होतं का?
"ह्यानंच, असं नाही म्हणत मी.
छातीत कापूस जातोय, जागरण आहे,
गोळ्या तुम्ही अर्ध्यावर टाकता.
पण राखण नसलेल्या घरात
तेच चोर फिरून फिरून येतात."

आठवड्याला एक पुडी, दुधातून, आठ आठवडे.
फळीवरून काढून दिलेलं ऊन
रोख मोजून घेतलं,
भर मे महिन्यात.

आता सुटल्यावर लगेच झोपत नाही.
दहा वाजता बनियन काढून गच्चीवर बसतो,
वाळत टाकल्यासारखा.
जुलैत घसा पुन्हा धरला,
पण दोन महिन्यांनी धरला.
पाचच्या पाच गोळ्या घेतल्या.

खाली रेणुका विड्या वळते,
उंबऱ्याच्या आत, पत्र्याखाली, एकोणीस वर्षं.
वर ये म्हटलं, तुझंही रक्त बघू,
तर म्हणते, मला कुठं घसा धरतोय?

तिचा आवाज कधी बसला होता का,
आठवून बघतो.
ती बोलायची तेव्हा मी
एकतर मागावर,
नाहीतर चादरीमागे.