आधी मोजे

टेमा बंदरात सिमेंट भरलं की
वागादुगूपर्यंत हजारेक किलोमीटर,
आणि त्यातले निम्मे मी एका कुल्ल्यावर बसून काढतो.
क्लीनर एयराम विचारतो, उस्ताद, पाठ धरली का?
मी म्हणतो, हो, पाठच.

पाठीला लाज नसते.
पाठ चारचौघांत दाखवता येते, बाम चोळायला माणसं पुढे होतात.
आणि हे दुखणंही नव्हे. दुखलं असतं तर ओरडलो असतो.
ही खाज. जांघेत, दोन्ही बाजूंना,
तांबड्या कडेची,
नकाशातल्या भांडकुदळ देशासारखी
दर महिन्याला हद्द पुढे सरकवणारी.

कुमासीपर्यंत ती झोपलेली असते.
किंटाम्पोला इंजिन तापतं, रेक्झिनची सीट घाम पिते,
ती जागी होते.
गिअर बदलायच्या निमित्ताने मी खाजवतो.
नाक्यावर कागद देताना खाजवता येत नाही,
डोळ्यांत पाणी येतं,
पोलीस पाच सेडी कमी घेतो.

उपाय केले.
मिठाचं पाणी. मग फरशीचं जंतुनाशक, नुसतं, पाणी न घालता.
त्या रात्री टामालेच्या ट्रकतळावर आभाळ भरलेलं होतं,
तरी मला तारे दिसले.
मग बसमध्ये औषधं विकणारा तो गोडबोल्या:
एकच ट्यूब, मुरमांना, डागांना, आणि
“दादा, तुमच्या त्याला.”
लावली. तीन दिवसांत खाज गेली.
चौथ्या आठवड्यात परत आली,
पोराबाळांसकट, पार मांडीपर्यंत.

मावुएनाला ती ट्यूब धुण्यात सापडली, पँटच्या खिशात.
तिने काही विचारलं नाही.
रात्री माझी उशी बाहेरच्या खोलीत होती.
सत्तावीस वर्षांत तिने मला शब्दाने कधी मारलं नाही,
मारलं ते न बोलून.
मी काय सांगणार?
मलाच ठाऊक नव्हतं की मी निर्दोष आहे.

पागाच्या सीमेवर कागद अडकले. तीन दिवस रांग.
समोरच सरकारी दवाखाना,
आणि तिथला नर्स वेपिया,
माझ्या डेलालीचा नवरा.
दोन वर्षं मी त्याच्या दारावरून हॉर्न वाजवत निघून जायचो.
या खेपेला पाणी मागायला उतरलो,
आणि फेंगडा चालणारा सासरा त्याने लांबूनच वाचला.

पडदा ओढला. म्हणाला, बाबा, पँट.
मी छताकडे पाहिलं. पंखा होता. एक पाल होती.
पालही पाहत होती.
मग तो म्हणाला, आता बूट काढा.
बूट?
बोटांच्या बेचक्यांत पांढरी, ओली, सोललेली कातडी.
“हा प्रवासी इथून निघालाय, बाबा.
चड्डी चढवताना पाय तिच्यातूनच जातात ना?
नायटा आहे, बुरशी. शाळेतल्या फुटबॉलच्या पोरांनाही होतो.
त्या ट्यूबने लाली झोपवली,
आणि बुरशीला जेवू घातलं.”

मलम दिलं. सकाळ-संध्याकाळ, पायांनाही,
जांघेत कडेच्या बोटभर बाहेरपर्यंत.
खाज थांबली म्हणून थांबायचं नाही, ती फसवते,
वर आणखी दोन आठवडे.
टॉवेल दोन: एक पायांना, एक उरलेल्या सेलॉर्मला.
सैल, सुती. धुतल्यावर नीट कोरडं.
“आणि आधी मोजे, मग चड्डी.”
बोट टोचून साखर पाहिली. काठावर आहे म्हणाला,
गोड बाटल्या बंद; महिन्यात उतरलं नाही तर परत या.

सगळं वहीच्या पानावर लिहून त्याने खाली शिक्का मारला.
शिक्का कशाला रे?
“आईंसाठी.”

आशायमानमध्ये पहाटे मी पलंगाच्या काठावर बसतो,
पन्नाशीचा बाप्या, अंगावर फक्त मोजे,
पंख्यासमोर पाय फाकवून, कोरडा होत.
मावुएना दारात येते, तोंडाला पदर लावते, जाते.
उशी अजून बाहेरच्याच खोलीत आहे.
काल तिने तिचा अभ्रा धुतला.