अकरा सेकंद

नवतप्याचा चौथा दिवस.
सेमिनरी हिल्सच्या उतारावर खनिज-नोंदींचं दफ्तर,
खिडकीत वाळ्याची टट्टी, कोरडी ठाक.
दुपारी वीज गेली, पाऊण तासानं आली.
सगळं परत आलं, पंखे, ट्यूबलाइट, साहेबांची बेल,
एक सर्व्हर सोडून.

काळ्या पडद्यावर एक ओळ:
मूळ डिस्क सापडली नाही.

सापडली नाही म्हणजे?
या काय समोर, पत्र्याच्या डब्यात सहा जणी,
मनसर ते गुमगाव, तीस वर्षांत जमिनीला पाडलेली भोकं
पोटात घेऊन बसलेल्या:
किती फुटांवर मँगनीज, किती फुटांवर नुसताच पांढरा दगड.

अजाबराव निखारे दारात आले.
"म्याडम, तो ड… डब्बा… त्याले…"
"गरम झालाय, माहीत आहे," मी म्हणाले.
ते बादली घेऊन कूलरकडे गेले.

शनिवारी मीच कर्नल नवा टाकला होता.
त्यासोबत ड्रायव्हरही नवा.
ड्रायव्हर म्हणजे कोर्टातला पुकारेवाला,
नाव घेतो, ओ आली तर कागद पुढे सरकतो.
शून्य नंबर. गैरहजर.
एक नंबर. गैरहजर.
असं सहापर्यंत… नाही, पाचपर्यंत, सहावर कोणी नाहीच.
सातवर अॅडाप्टर स्वतः.
तो तेवढा हजर.

केबल काढली, फुंकली, लावली.
टोकाचा टर्मिनेटर बदलला.
इंटरप्टची जुनी पद्धत, नवी पद्धत.
बूटच्या इमेजमध्ये मॉड्यूल आहे का? आहे.
पुन्हा बघितलं. आहे.
घामाचा थेंब की-बोर्डवर पडला, नेमका एंटरवर.

साडेनऊला ड्रायव्हरचं पोट उघडलं
आणि प्रत्येक वळणावर एक ओळ खोचली:
इथे पोचले. इथेही पोचले.
आता विचारते. विचारलं.
सीरियल केबलनं त्या ओळी जुन्या लॅपटॉपवर
मुंगीच्या चालीनं उतरू लागल्या,

आणि सहाच्या सहा जणी ओ म्हणाल्या.

मी काहीही दुरुस्त केलं नव्हतं.
ओळी काढल्या: मेलं.
घातल्या: जिवंत.
पुन्हा काढल्या, कारण माझा विश्वास बसेना.
डॉक्टरांच्या पायरीवर चढलं की थांबणारी
दाढदुखी असते, तसं काहीसं.

अजाबराव तिसरी बादली ओतून उभे होते.
"त्याले…"
मी स्क्रू तोंडात धरला होता, म्हणून बोलू शकले नाही.
"त्याले… उ… उठायले टाइम लागते.
मी त पयले डब्बा चालू करतो,
मंग मटक्यातलं पाणी पेतो गिलासभर,
मंग मोठं बटन.
आज तुमी दोन्ही… एक… एकदमच दाबले."

एकोणीस वर्षं.
दर वीज गेल्यावर एक गिलास पाणी.
जुन्या ड्रायव्हरला ते कधी लागलंही नसेल,
त्याच्या पोटात मुळातच पंधरा सेकंद होते.
नव्यात कोणीतरी, कुठल्यातरी गार खोलीत,
नव्या कोऱ्या डिस्क समोर ठेवून
पाच लिहिले.

डब्याला कान लावला. बटण दाबलं.
आधी खरखर, मग घुमणं, मग वर चढत जाणारा सूर
एका जागी येऊन टेकला.
मोजले. अकरा.

पाचाच्या जागी पंधरा.
खोचलेल्या ओळी एकेक करून उपटल्या.
इमेज पुन्हा बांधली, सर्व्हर उठवला,
मनसरचं पहिलं भोक पडद्यावर आलं: दोनशे बारा फूट.
बदलाशेजारी कारण लिहायची पद्धत आहे.
लिहिलं: डिस्क जुन्या आहेत, अकरा लागतात.
मग खाली: माहिती, अ. निखारे.

पावणेपाच. फाटकाचं लोखंड अजून कोमट.
अजाबराव कुलूप लावता लावता म्हणाले,
"कोपऱ्यावर त… त…"
तर्री-पोहे असणार. किंवा तिसरंच काही.
मी चपलेतला खडा काढत उभी राहिले.