उघाडी

दिवसा मी ह्यांचं नाव घेत नाही.
रात्री घ्यावं लागतं.

घोरणं थांबलं की मी मोजू लागते.
नऊ, दहा, अकरा,
जैतापूरच्या खाडीत एखादी होडी
इंजिन बंद करून धक्क्याला लागते,
सव्वीस, सत्तावीस,
छाती ओढतेय, पोट ओढतंय,
आणि वारा कुठूनच आत येत नाही.
"विश्राम!"
मग मोठा आचका,
म्हशीनं डोहातून नाक वर काढावं तसा.
सकाळी हेच विचारतात,
डोळे का गो लाल तुझे?

थोरले दीर असेच घोरायचे.
एका पहाटे उठलेच नाहीत.
भाग्यवान, झोपेत गेला, म्हणाले सगळे.
मी काही बोलले नाही.
जाऊबाईही नाही.

रत्नागिरीत मुकादम डॉक्टरीणबाईंनी
छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवलं.
पडद्यावर काळ्या पाण्यात
काहीतरी उघडत होतं, मिटत होतं.
महाधमनी रुंदावलीय, म्हणाल्या.
चव्वेचाळीस मिलिमीटर.
आणि माझ्याकडे वळून :
झोपेत श्वास थांबतो का यांचा?

पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी सगळे आकडे सांगितले.

घसा मिटतो, त्या सांगत होत्या,
छाती मात्र ओढतच राहते बंद दारावर.
आत पोकळी पडते, धमनीची भिंत बाहेर ताणली जाते,
रात्रीत शंभरदा, दोनशेदा,
त्यात प्रेशर चढतं ते वेगळंच.
याच्यामुळेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत.
पण दोघं बरेचदा एकाच घरात सापडतात.

"म्हणजे उघाडी अडकली," हे म्हणाले.
तीस वर्षं खारबांधाची राखण केलेला माणूस.
"झडप मिटून बसली की पाणी बांधाला रेटतं.
बांध काय एकदम फुटत नाही, बाई.
आधी पोट काढतो."
बाईंनी पेन खाली ठेवलं.

काजूचे पैसे मशीनला गेले.
आता नाकावर मास्क,
आणि रात्रभर मतलई सुटल्यासारखा
एकसुरी वारा.
घोरणं नाही, थांबणं नाही.
झोप मलाच येत नाही.
हात आपोआप त्यांच्या छातीवर जातो,
खाली जे फुगलंय
ते हाताला लागत नाही.

काल आवसेचं उधाण.
साडेअकराला लाइट गेली, मशीन गप्प झालं.
ह्यांनी मास्क काढला, बॅटरी घेतली.
बांध बघून येतो.
मी म्हटलं, मीही येते.

चिखलात कुर्ल्या सैरावैरा.
उघाडीच्या फळ्यांबाहेर पाणी चढत होतं.
हे वाकून वाकून माती दाबत चालले
आणि एका जागी थांबले.
"हितं बघ जरा."
मी हात ठेवला.
ओलं, गार, किंचित पुढे आलेलं.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलावलंय.
ओहोटी लागेपर्यंत
आम्ही तिथंच उभे.